गाठच काढली की सारं? गावाकडच्या बायांनो, लिहा

धाकट्या जावेला छातीत कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले: नुसती गाठ काढायची, नाहीतर पूर्ण स्तन. घरात सगळे बोलले, तिला कोणी विचारलंच नाही. तुमचं काय झालं ते लिहा. सल्ले नकोत.

यवतमाळकडची
माझी गाठ लहान होती. स्तन ठेवता येईल म्हणाले, पण मग रेडिएशन घ्यावंच लागेल. पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, नागपूरला. इकडे कापूस फुटलेला, सासू अंथरुणाला. म्हटलं, सारं काढून टाका. लोक म्हणतात, बाई मोठी धीराची. मी खोलीचं भाडं मोजत होते. पुढं काखेतल्या गाठींत आजार निघाला नि रेडिएशन चुकलं नाही ते नाहीच. असंही होऊ शकतं, हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दर्यापूर
मायं सारंच काढलं. जखमेत लावलेल्या नळीतल्या पाण्याचं माप पोरगी रोज वहीत लिवे. पट्टी सुटली त्या दिशी म्या आरसा भिंतीकडं फिरवला. मालक काहीच बोलले नाहीत, तेच लागलं मले. मंग एका रात्री म्हणते, दुखते का वं? तवा रडली मी. भिंतीवर बोटं चढवाचा व्यायाम शिकोला होता, म्या कंटाळा केला, खांदा आखडला. वेचणीत बोंडाचं टोक टोचलं नि ऑपरेशनच्या बाजूचा हात असा सुजला का बांगडी कापा लागली. त्या हातात सुई नाई, बीपीचा पट्टा नाई, हे ध्यानात ठेवजा.

शिवणवाली, आर्वी
स्तन काढलेल्या बायांसाठी ब्लाऊजच्या आत खिसा शिवते. त्यात सुती पिशवी, पिशवीत मोहरी. नुसता कापूस हलका पडतो, वर सरकतो. मोहरीनं दुसऱ्या बाजूचं वजन सांभाळलं जातं. पहिली पिशवी माझ्यासाठीच शिवली होती.

आरोग्यसेविका, वर्धा जिल्हा
अमेरिकेत नि इटलीत स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायांचा वीस वर्षं पाठपुरावा झाला, निकाल २००२ मध्ये छापून आले. गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायांच्या जगण्यात फरक निघाला नाही. त्याच स्तनात पुन्हा गाठ होण्याची शक्यता मात्र थोडी राहते. गाठ मोठी असेल तर कधी आधी किमो देऊन लहान करतात. स्तनात दोन-तीन ठिकाणी असेल तर कधी पूर्णच काढावं लागतं.

वरच्याच गोष्टीवर
माझं स्तन वाचवलं. सगळे म्हणतात, नशीबवान. रोज रात्री दिवा मालवला की बोटं तिथंच जातात, चाचपत राहते. नवऱ्याला वाटतं झोपले.

धागा सुरू केलेली
काल चुलीपाशी तिला सगळं वाचून दाखवलं. दर्यापूरच्या ताईंचं दोनदा वाचायला लावलं. तिचं अजून ठरलेलं नाही. सोमवारी डॉक्टरकडं जातो आहोत, यावेळी ती आत एकटी बसणार म्हणते. आर्वीच्या ताई, जाव तुमचा नंबर मागते.