विद्यापीठातलं जुन्या वस्तूंचं दुकान: सगळंच चाकांवर हवं का?

भटका रॅक:
विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांनी चालवायचं सेकंडहँड दुकान असेल, तर भिंतीला काहीच ठोकू नये असं माझं ठाम मत. सत्र संपलं की वसतिगृहं रिकामी होतात आणि दिवे, पंखे, गाद्या, पुस्तकांचा लोंढा येतो. नवं सत्र सुरू झालं की तेच सामान झपाट्याने उचललं जातं. मधे निम्मी जागा ओस. सगळे रॅक चाकांवर घ्या, कडेला सारा आणि मोकळ्या जागेत सायकलदुरुस्ती भरवा.

सुतारपक्षी:
कपड्यांच्या स्टँडला चाकं लावा, हरकत नाही. पण मीटरभर फळी पुस्तकांनी भरली की २५-३० किलो वजन सहज होतं. अशा पाच फळ्यांचा उंच रॅक ढकलायचा म्हणजे कपाळमोक्षाची सोय! पुस्तकं भिंतीलाच, अँगल ठोकून. आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) वापरणार असाल तर दर साठेक सेंमीवर आधार द्या, नाहीतर फळीला झोळ पडतो.

भटका रॅक:
मग कमरेएवढेच रॅक करा, ब्रेकवाली चाकं लावा. नजरही आरपार जाते, चोरीला आळा बसतो.

मागची खोली:
तुम्ही दोघं विक्रीच्या जागेवरच अडलात. अशी दुकानं तुंबतात ती माल निवडण्याच्या जागेपाशी. आलेल्या पिशव्या उघडायला, फाटकं वेगळं काढायला मोठं टेबल नसेल तर ढीग थेट दुकानात येतो आणि तुमची मोकळी जागा तोच खातो. शिवाय स्वयंसेवक दरवर्षी बदलतात. सगळंच हलतं ठेवलं तर कुठलं सामान कुठे, हे नव्या मुलांना कोण सांगणार?

सुतारपक्षी:
अगदी. आणि हलत्या फर्निचरमुळे आधी आक्रसते ती गल्ली. व्हीलचेअरला किमान ९० सेंमी वाट लागते, वळायला १५० सेंमी व्यासाची मोकळी जागा. फरशीवर रंगाच्या रेघा मारा, रॅक त्याबाहेर येता कामा नये.

भटका रॅक:
रेघा मान्य, पुस्तकंही भिंतीला मान्य. काउंटर मात्र चाकांवरच राहील. गर्दीत तो दाराशी हवा, एरवी आत.

मागची खोली:
काउंटर हलवा खुशाल. पण पंखा, इस्त्री चालू करून दाखवायला गिऱ्हाईक तिथेच येणार. प्लगपॉइंट कुठे सरकवणार?