दळलेली निकेल-ॲल्युमिनिअम भुकटी लवकर का पेटते? श्रेय थरांचे की दोषांचे?

मूळ मत

निकेल आणि ॲल्युमिनिअमच्या भुकट्या सम अणुप्रमाणात नुसत्या कालवून तापवल्या, तर मिश्रण साधारण ६४० अंश सेल्सिअसला, म्हणजे ॲल्युमिनिअमच्या बाजूचे युटेक्टिक (सर्वांत कमी तापमानाला वितळणारे मिश्रण) वितळू लागते तेव्हा, पेटते. तेच मिश्रण उच्च ऊर्जेच्या बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी दळणाऱ्या यंत्रात) काही मिनिटे दळले, की ते ३०० अंशांच्याही खाली, काहीही वितळलेले नसताना, पेट घेऊ शकते. गोळ्यांच्या आघातांनी धातूत ऊर्जा साठते आणि तीच हे घडवते, असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. मला ते मुळातच चुकीचे वाटते. एक मोल निकेल ॲल्युमिनाइड तयार होताना सुमारे ११८ किलोजूल उष्णता बाहेर पडते. त्यापुढे स्फटिकदोषांत, म्हणजे अणूंच्या मांडणीतल्या बिघाडांत, साठणारी काही किलोजूल ऊर्जा किरकोळ आहे.

खरे काम होते ते रचनेत. दोन्ही मऊ धातू चेपले जाऊन, घडी पडून, पुन्हा जोडले जाऊन चिरोट्याच्या पदरांसारखे एकमेकांत बसतात. विसरणाला, म्हणजे अणू एकमेकांत मिसळायला, लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने थर दहापट पातळ झाला, की तो वेळ शंभरपट घटतो. शिवाय ॲल्युमिनिअमवरचा काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा फुटतो आणि आरगॉन या निष्क्रिय वायूच्या वातावरणात धातूला धातू थेट भिडतो. एकही आघात न करता, निर्वातात स्पटरिंगने (धातूचे अणू उडवून पृष्ठभागावर बसवण्याच्या पद्धतीने) थरावर थर बसवून केलेले फॉइलही अशाच कमी तापमानाला पेटते आणि त्यातून ज्वलनतरंग सेकंदाला काही मीटर वेगाने धावतो. मग आघातांच्या ऊर्जेची गरज कुठे उरते?

प्रतिसाद १

आपण उष्णतेचा हिशेब मांडून वेगाच्या प्रश्नाचे उत्तर देत आहात. दोष किती ऊर्जा साठवतात हा मुद्दाच नाही; ते अणूंना वाट किती सोपी करून देतात, हा आहे. कणसीमांवरून, म्हणजे स्फटिककणांमधल्या सीमांवरून, होणारे विसरण सलग स्फटिकातून होणाऱ्या विसरणापेक्षा कितीतरी सहज होते आणि दळलेल्या भुकटीत अशा सीमांची दाटी असते. स्पटरिंगच्या फॉइलचे उदाहरण तर आपल्याच विरोधात जाते, कारण त्या थरांतले स्फटिककणही नॅनोमीटरच्या मापाचे असतात. आघात झाले नाहीत म्हणून दोष नाहीत, असा निष्कर्ष निघत नाही.

प्रतिसाद २

दोघेही ‘प्रज्वलन तापमान’ हा पदार्थाचा स्थिर गुणधर्म असल्यासारखे बोलत आहात. तो तसा नाही. तापवण्याचा वेग, नमुन्याचे आकारमान आणि उष्णतेचा ऱ्हास बदलला, की आकडाही बदलतो. मंद तापवल्यास थरांच्या सीमेवर आधीच संयुगे तयार होऊन पेटण्याइतकी उष्णता उरतही नाही. जास्त वेळ दळण्याचाही हाच तोटा आहे. कधी मिश्रण भांड्यातच पेटते, म्हणून न्यू जर्सीचे संशोधक एडवर्ड ड्रायझिन यांच्या गटाने अभिक्रिया सुरू होण्याच्या थोडे आधी दळणे थांबवण्याची रीत रूढ केली.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आम्ही एकदा भांडे पुरते थंड होऊ न देता हवेत उघडले आणि ताज्या पृष्ठभागांची ती भुकटी डोळ्यांदेखत लाल झाली. कोणाला इजा झाली नाही, पण तेव्हापासून आम्ही भांडे थंड झाल्यावर, आरगॉनच्या पेटीतच उघडतो.

मूळ लेखकाचे उत्तर

स्पटरिंगच्या थरांबद्दलची दुरुस्ती मला मान्य आहे. ते उदाहरण मी समजलो तितके निर्णायक नाही. तरीही थरांची जाडी तीच ठेवून दोष कमी करता आले आणि भुकटी तरीही त्याच तापमानाला पेटली, तर माझे म्हणणे टिकेल. सौम्य तापवून दोष निवळू देणे हा त्याचा सरळ मार्ग दिसतो.

प्रतिसाद १

तो मार्ग अर्ध्यातच अडतो. ॲल्युमिनिअममधले दोष दीडशे अंशांच्या आसपास निवळू लागतात, पण निकेलसाठी बरेच जास्त तापमान लागते, आणि तोवर सीमेवर विसरण सुरू झालेले असते. म्हणजे आपण ज्याची तुलना करणार, तो नमुनाच बदललेला असेल. त्यापेक्षा एकाच भुकटीचे वेगवेगळ्या तापन-वेगांचे आकडे घेऊन सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया चालण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) काढावी आणि ती कणसीमांवरच्या विसरणाशी जुळते की स्फटिकातल्या, हे पाहावे.