विषय: सोलापूरच्या ऑफिसातल्या जुन्या प्रिंटरचे फॅक्स ईमेलवर आणायचेत

नमस्कार मंडळी,

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या काकांचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. मी असते ओसाकाला, आणि इथली जपानची एक जुनी पार्टी अजून ऑर्डर फॅक्सनेच पाठवते, इथे ते किती सर्रास चालतं तुम्हाला माहितीच आहे. अडचण वेळेची आहे. इथून सकाळी ९ ला फॅक्स निघाला की तिकडे पहाटेचे साडेपाच, ऑफिस उघडणार १० ला, म्हणजे इथे दीड वाजून गेलेला, तोवर कागद ट्रेमध्ये पडून आणि मागावर आधीच्याच रंगाची बॉर्डर चालू.

मशिन जुनं लेझर ऑल-इन-वन आहे. ब्राउझरमध्ये त्याचा आयपी टाकला की सेटिंग उघडतं, त्यात फॅक्स फॉरवर्ड आहे, ईमेल टाकायला जागा पण आहे. चुलतभावाने जीमेलचा आयडी-पासवर्ड टाकून टेस्ट केली तर ‘ऑथेंटिकेशन फेल’. त्याच पासवर्डने मोबाईलवर मेल नीट उघडतं. मेकॅनिक म्हणतो मशिनच बदला. काका म्हणतात चांगलं चालायलंय की, कशाला बदलायचं, आणि ०२१७ चा नंबर सगळ्या पार्ट्यांकडे गेलेला आहे, तोही सोडायचा नाही. कोणी असं केलंय का?

— ओसाकाहून, मूळची सोलापूरची

*

ताई नमस्कार,

काकांचं बरोबर आहे, मशिन बदलू नका. फॅक्स घेणं आणि मेल पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत, पहिलं नीट चालू आहे, अडलंय फक्त दुसरं. आणि ऑथेंटिकेशन फेल येतंय म्हणजे मशिन मेल सर्व्हरपर्यंत पोचतंय, गेटवे-डीएनएस (म्हणजे मशिनला बाहेरच्या नेटचा रस्ता आणि पत्ता दाखवणारी सेटिंग) ठीक आहे, निम्मं काम तिथेच झालं. (बऱ्याच ऑफिसांत प्रिंटरला आयपी हाताने दिलेला असतो आणि डीएनएस रिकामं सोडलेलं असतं, प्रिंट निघतात म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.)

जीमेलने ३० मे २०२२ पासून पर्सनल खात्यांवर अशा जुन्या उपकरणांना साध्या पासवर्डने आत घेणं बंद केलं. म्हणून खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग ॲप पासवर्ड (अशा एखाद्या उपकरणासाठीचा वेगळा पासवर्ड) बनवा, १६ अक्षरांचा येतो, तो मधल्या जागा न ठेवता प्रिंटरमध्ये टाका. काकांच्या रोजच्या खात्यावर हे करू नका, फॅक्ससाठी वेगळं खातं काढा. पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस (टीएलएस म्हणजे मेल कुलूपबंद करून पाठवायची पद्धत), मशिनमध्ये नुसतं एसएसएल असेल तर ४६५. फ्रॉमच्या जागी तोच पत्ता. मशिनचं घड्याळ पण बघा, लाईट जाऊन येऊन तारीख मागे गेली असेल तर सर्टिफिकेट तपासणारं मशिन तिथेच अडतं.

एवढं करूनही कनेक्शन तुटलं तर मशिनचं टीएलएस फार जुनं आहे असं समजा. मग मधे एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) ठेवायचा, त्यावर पोस्टफिक्स, म्हणजे मेल घेऊन पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर. प्रिंटर ऑफिसच्या आतल्या आत साध्या पोर्ट २५ वर पायला मेल देतो, आणि पाय तो नव्या पद्धतीने जीमेलला देतो, म्हणजे अडत्यासारखं, शेतकऱ्याचा माल घेऊन पुढे व्यापाऱ्याला. फक्त पोस्टफिक्समध्ये ऑफिसच्या आयपीचीच रेंज घाला आणि राउटरवर २५ बाहेरून अजिबात उघडू नका, नाहीतर जगभरचा स्पॅम काकांच्या नावाने जाईल.

फॉरमॅट पीडीएफ निवडा, टिफ मोबाईलवर उघडताना त्रास देतं. आणि फॉरवर्डसोबत प्रिंट चालूच ठेवा, हे मी आग्रहाने सांगतो. नेट गेलं तरी कागद हातात राहतो, ऑर्डरच्या बाबतीत तेवढी खात्री पाहिजेच.

— नागोयाहून

*

यात एक भर. लाईन तांब्याची आहे की फायबरची झालीय ते विचारा. फायबरवर फॅक्स मधेच तुटत असेल तर मशिनमध्ये स्पीड उतरवून ९६०० करा, वेळ जास्त लागतो पण कागद पूर्ण येतो. ईसीएम (फॅक्समधली चुका दुरुस्त करणारी सोय) शक्यतो चालू राहू दे, बिघडलेला भाग ते परत मागून घेतं. कॉल तरीही तुटत राहिला तरच बंद करून बघा.

दुसरं म्हणजे पार्टीला फाईन मोडवर पाठवायला सांगा. स्टँडर्डमध्ये उभ्या इंचाला ९८ रेषा, फाईनमध्ये १९६. हाताने लिहिलेला जीएसएमचा (टॉवेलचं चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) ४५० स्टँडर्डमध्ये ४८० दिसू शकतो, आणि पीडीएफ केल्याने अक्षर काही सुधारत नाही. हे पाठवणाऱ्याच्याच हातात असतं, आणि ताई तुम्ही तर तिथेच आहात, एक फोन करून टाका.

— सोलापूरहून, साखर पेठ

*

मंडळी, झालं! ॲप पासवर्ड टाकून स्टार्टटीएलएस चालू केल्यावर ऑथेंटिकेशनची तक्रार गेली पण मग टीएलएसवर अडलं, म्हणून चुलतभावाने कॉलेजातला पडून असलेला पाय लावला आणि आता चालतंय. काल पार्टीने डॉबी बॉर्डरची (टॉवेलवरच्या विणलेल्या नक्षीच्या पट्टीची) मापं फाईनवर पाठवली, चार सेंटीमीटरच्या पुढे पेन्सिलने काढलेला छोटा बाण होता, तोसुद्धा मोबाईलवर स्वच्छ दिसला. काकांनी पहाटेच मुकादमांना फोन करून तो माग थांबवायला लावला.

मशिन फॉरवर्डला एकच पत्ता घेतं, म्हणून त्या वेगळ्या जीमेलमध्ये फिल्टर लावून काका, चुलतभाऊ आणि मी अशा तिघांना पुढे पाठवलंय. जीमेल प्रत्येक पत्त्यावर आधी एक कोड पाठवतं, तो टाकल्याशिवाय फॉरवर्ड सुरू होत नाही, कुणी करणार असेल तर काकांना आधी फोन करून मेल उघडून बसायला सांगा. पोस्टफिक्सची सेटिंग हवी असेल तर लिहा, चुलतभाऊ पाठवतो म्हणालाय.

— ओसाकाहून