बाहेरच्या सेन्सरचा तापमापक निवडण्यासाठी मदत हवी आहे
नमस्कार. घरातले आणि बाहेरचे तापमान एकाच पडद्यावर दाखवणारा तापमापक मला घ्यायचा आहे. सध्याच्या उपकरणाचा बिनतारी सेन्सर खिडकीच्या चौकटीवर लावलेला असून, सकाळी त्यावर ऊन आले की आकडा पंधरा मिनिटांत २४ वरून ३३ अंशांवर जातो. ते तापमान हवेचे नसून तापलेल्या प्लास्टिकचे आहे, हे उघडच आहे. हवामान केंद्रांत तापमापक जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात. तशी सोय मला करता येईल, पण मग सेन्सर आणि पडदा यांच्यामध्ये काँक्रीटच्या दोन भिंती येतात. ४३३ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या सेन्सरचा संदेश त्यातून खात्रीने पोहोचतो का, की सरळ तारेचा प्रोब (तारेच्या टोकाला जोडलेला सेन्सर) असलेला तापमापक घ्यावा? तारेच्या प्रकारात बाहेरची बॅटरी बदलण्याची कटकट नाही, मात्र खिडकीच्या फटीत तार चेपली जाईल अशी धास्ती वाटते. अचूकता एका अंशाच्या आतबाहेर असली तरी माझे भागेल. पडद्यावरच्या दशांशाला भुलण्यात अर्थ नाही. ज्यांनी दोन्ही प्रकार वापरले आहेत, त्यांनी आपला अनुभव कृपया कळवावा, विशेषतः पावसात सेन्सरच्या बॅटरीच्या खणात पाणी शिरते का, हे.