चर्चा : यंत्रामुळे जाणाऱ्या नोकरीची भरपाई यंत्र आणणाऱ्याने द्यावी का?

गिरणाकाठ (प्रस्ताव)

माझा चुलतभाऊ महामार्गावरच्या एका टोलनाक्यावर पाच वर्षे पावत्या देण्याचे काम करत होता. शिक्षण बारावीपर्यंत, घरी दीड एकर कोरडवाहू, आणि दरमहा ठरलेल्या तारखेला हातात पडणारा पगार. या पगारावरच त्याचे लग्न जमले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि पुढच्या काही महिन्यांत ठेकेदाराने त्याच्यासह अकरा जणांना ‘एक तारखेपासून येऊ नका’ असे तोंडी सांगितले. लेखी नोटीस मिळाली नाही, भरपाईचा तर विषयच निघाला नाही. सुट्ट्या नाण्यांसाठी त्याने स्वतः पुठ्ठा कापून पाच कप्प्यांचा एक खण तयार केला होता, तेवढा तो घरी घेऊन आला. वहिनी आता त्यात शिलाईची बटणे ठेवते.

फास्टॅग बंद करा, असे माझे म्हणणे नाही. रांगा कमी झाल्या हे मीही पाहतो. माझा प्रश्न एवढाच आहे, की यंत्रामुळे ज्याचा खर्च वाचला त्याने त्या बचतीतला काही वाटा, ज्याचे काम गेले त्याच्यासाठी का बाजूला काढू नये? ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी, माथाडी मंडळात भरण्याचे बंधन मालकावर घातले, आणि एका धन्याकडे कायम नसलेल्या माणसालाही भविष्य निर्वाह निधी, रजा आणि औषधोपचार मिळू शकतात हे दाखवून दिले. १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्या आणि १९७७ मध्ये कायदा झालेल्या रोजगार हमीसाठी शहरातल्या पगारदारांनी व्यवसाय कर भरला. तो कर आजही पगारपत्रकावर दिसतो. त्याच धर्तीवर, सेवेच्या जागी यंत्र बसवून माणसे कमी करणाऱ्या मोठ्या ठेकेदारांवर आणि कंपन्यांवर लेव्ही असावी, असे मला वाटते.

रावेरचा वाहतूकदार

आपल्या भावाबद्दल मनापासून वाईट वाटते, पण प्रस्तावाला माझा विरोध आहे. माझे तीन ट्रक केळी घेऊन उत्तरेकडे जातात. फास्टॅगच्या आधी मे महिन्यात एखाद्या नाक्यावर तास-दीड तास गाडी उभी राहिली, की ताडपत्रीखालचा माल अक्षरशः वाफाळत असे. माल पोहोचल्यावर व्यापारी फण्या दाबून बघायचा आणि पिकलेल्या घडांचा भाव पाडायचा. तो तोटा कुणी भरून दिला नाही. कटु वाटेल, पण पावती देणाऱ्याची नोकरी ज्या रांगेवर उभी होती, त्या रांगेची किंमत शेतकरी मोजत होता.

दुसरी गोष्ट अशी, की लेव्ही ठेकेदार स्वतःच्या खिशातून भरणार नाही. ती टोलमध्ये मिसळेल, टोल भाड्यात मिसळेल आणि भाडे शेवटी केळीच्या भावातून कापले जाईल. शिवाय यंत्र म्हणजे नेमके काय, हे कोण ठरवणार? किराणा दुकानदाराने यूपीआयचा क्यूआर कोड लावून गल्ल्यावरचा मुलगा कमी केला, तर त्यानेही लेव्ही भरायची का?

गिरणाकाठ

दुकानदाराला यात ओढण्याचे कारण नाही. माथाडी कायदाही सरसकट सगळीकडे एकदम लागू झाला नव्हता. विशिष्ट व्यवसाय आणि विशिष्ट विभाग ठरवून तो लावला गेला. इथेही एकाच निर्णयाने पंचवीस-पन्नास माणसे कमी होतात, अशा जागांपुरते बोलू. भाड्याच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे पुरते उत्तर नाही, हे मान्य करतो.

निवृत्त रोखपाल, धुळे

मी १९७९ मध्ये बँकेत लागलो. संगणकाविरुद्धच्या निदर्शनांत मी घोषणा दिल्या आहेत, आणि त्या घोषणांपैकी निम्म्या चुकीच्या होत्या हे आज सांगायला मला संकोच वाटत नाही. १९८३ मध्ये व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात करार झाला आणि यंत्रे कुठे व किती आणायची याच्या मर्यादा त्यात ठरल्या. १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने टप्प्याटप्प्याने यांत्रिकीकरण सुचवले. आमच्या शाखेतली जाडजूड लेजरे हळूहळू कपाटात गेली. वर्षअखेरीस व्याजाचा ताळा जमेना म्हणून रात्री दोनपर्यंत बसणारे आम्ही, पुढे सहाच्या आत घरी जेवायला जाऊ लागलो. आमच्यापैकी कुणाचीही नोकरी गेली नाही.

अमेरिकेचे उदाहरणही पाहावे. तिथे एटीएम वाढल्यावर एका शहरी शाखेतले रोखपाल १९८८ मधल्या सरासरी २० वरून २००४ पर्यंत १३ वर आले, असे जेम्स बेसन या अर्थतज्ज्ञांनी दाखवले आहे. पण शाखा चालवणे स्वस्त झाल्याने शाखाच वाढल्या आणि रोखपालांची एकूण संख्या घटली नाही. ती घटू लागली ती बरीच नंतर, मोबाइलवरून व्यवहार होऊ लागल्यावर. म्हणून मी लेव्हीच्या बाजूचा नाही. आम्हाला पैशाने वाचवले नाही, वेळेने वाचवले. यंत्र येण्याआधी कामगारांशी करार आणि पुरेशी मुदत, एवढे मिळाले तरी माणूस स्वतःची वाट शोधतो.

चोपडा ते पुणे

काका, आपला करार झाला, कारण आपला मालक कोण हे आपल्याला ठाऊक होते आणि आपली संघटना होती. माझे सांगते. चोपड्यात बी.कॉम. करून मी पुण्याला एका ग्राहकसेवा केंद्रात लागले. पहिले चार महिने इंग्रजीतून रागावलेल्या ग्राहकाशी बोलताना माझ्या तळहाताला घाम फुटायचा. वर्षभराने मीच नव्या मुलींना शिकवू लागले. आता साधे प्रश्न चॅटबॉटकडे जातात आणि आमच्या तुकडीत पूर्वीच्या निम्म्या मुली उरल्या आहेत. ज्यांना काढले त्या सगळ्या वर्षाच्या आतल्या होत्या.

क्लार्ना या स्वीडिश कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला, आमचा एआय सहायक ७०० कर्मचाऱ्यांइतके काम करतो असे अभिमानाने जाहीर केले होते. पुढच्याच वर्षी दर्जा घसरल्याचे मान्य करून तिथे पुन्हा माणसे घेण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा अवघड काम माणसाकडे राहील, हे मलाही पटते. पण अवघड काम करण्याइतकी मी तयार झाले ती सोपे काम करूनच. खान्देशातून पुण्याला येणाऱ्या मुलामुलींच्या हाताशी ओळखपाळख नसते. ‘अनुभव नसला तरी चालेल’ असे लिहिलेली जाहिरात हीच त्यांची पहिली पायरी होती, आणि चॅटबॉटने नेमकी तीच काढून घेतली. वरच्या पायऱ्या जागेवर आहेत म्हणून समाधान मानणे मला जमत नाही.

सातपुडा

ही चर्चा वाचताना मला एक उणीव जाणवते. खिडकीपलीकडच्या माणसाबद्दल आपण पुष्कळ बोललो, खिडकीअलीकडे उभ्या असलेल्या माणसाबद्दल फारच थोडे. मी धडगाव भागातली आहे. माझ्या आईला एका शाखेत पैसे काढायला गेल्यावर ‘अंगठा नीट लाव, मागे सर, उद्या ये’ यापलीकडे कुणी शब्द बोलत नसे. शंभर रुपये भाडे खर्चून ती रिकाम्या हाताने डोंगर चढून परत येई. आज आमच्या पाड्यावर बचत गटातली बँक सखी हातात मावणारे मायक्रो एटीएम घेऊन बसते, आमच्या बोलीत बोलते आणि प्रत्येक व्यवहारामागे तिला कमिशन मिळते. तालुक्याच्या खिडकीवरचे काम थोडे घटले असेल, पण त्यातले थोडे पाड्यावरच्या, पूर्वी कुठलीच पगाराची नोकरी न मिळालेल्या बाईकडे आले. लेव्हीमुळे असे यंत्र पाच वर्षे उशिरा येणार असेल, तर त्या पाच वर्षांची भरपाई आम्हाला कोण देणार?

निवृत्त रोखपाल, धुळे

सातपुडा यांचे म्हणणे मला लागले, कारण ‘उद्या या’ हे शब्द आम्हीही वापरले आहेत. तरी एक भर घालतो. कष्ट करून बोटांचे ठसे झिजलेल्या माणसाचा अंगठा यंत्र घेत नाही, तेव्हा त्या सखीलाच डोके चालवावे लागते. तिथे यंत्र आणि माणूस दोन्ही आहेत, म्हणून ती सेवा चांगली चालते.

रावेरचा वाहतूकदार

मग मी एक तडजोड सुचवतो. लेव्ही नको, पण टोलसारख्या सरकारी ठेक्याच्या निविदेतच अट घाला, की यंत्रामुळे माणूस कमी केल्यास त्याला सहा महिन्यांचा पगार आणि तेवढीच आगाऊ सूचना द्यावी लागेल. बोली लावतानाच ठेकेदार तो खर्च धरील आणि नंतर आमच्या भाड्यावर अचानक बोजा पडणार नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची, म्हणजे नवे काम शिकण्यासाठीच्या पैशांची, तरतूद आहेच. मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची.

गिरणाकाठ

सहा महिन्यांची अट मला लेव्हीपेक्षाही लवकर होण्यासारखी वाटते आणि मी माझा प्रस्ताव तसा बदलायला तयार आहे. मात्र १५ दिवसांच्या वेतनाने भागणार नाही, भावाच्या घरचे मी पाहिले आहे. त्याने मोटारसायकल हप्त्यावर घेऊन पार्सल पोहोचवण्याचे काम धरले, तेव्हा पहिला हप्ता भरण्यासाठीच वहिनीची पोत गहाण पडली होती.

चोपडा ते पुणे

अट घालताना शब्द जपून वापरा, एवढीच विनंती आहे. आमच्यातल्या मुलींना कागदोपत्री कुणी काढले नाही, त्यांचा अकरा महिन्यांचा करार संपला आणि नवा झाला नाही. ठरलेल्या मुदतीची नोकरी मुदत संपून संपली, तर संहितेच्या लेखी ती कपात नसते. त्यात ज्या कंपनीचे फोन आम्ही घेतो तिचे नाव आमच्या पगारपत्रकावर नाही, तिथे मनुष्यबळ पुरवणाऱ्या तिसऱ्याच कंपनीचे नाव आहे. तेव्हा ‘माणूस कमी केल्यास’ असे न लिहिता ‘त्या जागेवरचे काम यंत्राकडे गेल्यास’ असे लिहावे, आणि पैसे देण्याची जबाबदारी यंत्र बसवणाऱ्या मूळ कंपनीवर टाकावी.