मदत हवी आहे: वापरलेली १५.३६ टीबीची एंटरप्राइझ एसएसडी घेताना काय तपासायचं?

घरच्या सर्व्हरसाठी जुनी १५.३६ टीबीची यू.२ (सर्व्हरमध्ये लागणारी २.५ इंची) एसएसडी शोधतोय. ३.८४ आणि ७.६८ टीबीच्या मिळतात, त्यावरच्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. डेटा बाहेर जाऊ नये म्हणून बरेच डेटा सेंटरवाले ड्राइव्ह विकण्याऐवजी सरळ चुरा करतात, मग बाजारात येणार तरी कुठून! ३०.७२ टीबीचा तर नादच सोडला.

आता एक सापडली आहे. विक्रेत्याने स्मार्टचा (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीचा) स्क्रीनशॉट पाठवला: 'पर्सेंटेज यूज्ड' (आयुष्य किती टक्के वापरलं) ४, पण 'डेटा युनिट्स रिटन'ची (आजवर एकूण किती लिहिलं) ओळ नेमकी कापलेली. पूर्ण मागितला तर "ड्राइव्ह चांगली आहे, काळजी नको" एवढंच उत्तर. तिथेच पाल चुकचुकली. क्यूएलसी (लिहून लिहून लवकर झिजणाऱ्या प्रकारची फ्लॅश) आहे, किती लिहून झालंय ते कळायलाच हवं ना?

शिवाय बऱ्याच ड्राइव्ह एकत्र चालवणाऱ्या यंत्रणेतून, म्हणजे स्टोरेज अ‍ॅरेमधून काढलेल्या ड्राइव्हचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) त्या अ‍ॅरेपुरतंच असू शकतं. साध्या मदरबोर्डवर चालेल की नाही, हे पैसे देण्याआधी कसं ओळखता? मागे एक सॅस (सर्व्हरमधला दुसरा एक जोडणीचा प्रकार) ड्राइव्ह नेहमीच्या ५१२ऐवजी ५२० बाइट सेक्टरची निघाली होती, फॉरमॅट करण्यात अख्खी रात्र गेली.

आणि साध्या कॅबिनेटमध्ये कुणी तापणाऱ्या यू.२ ड्राइव्हला पंखा लावला असेल तर फोटो टाका, प्लीज.