डिझेलचं अनुदान गेलं, सौर पंपाला मात्र मिळतंय. हे कसं?

निफाडचा बागायतदार: फवारणीचा ट्रॅक्टर डिझेलवर, कांदा पिंपळगावच्या बाजारात न्यायची पिकअपही डिझेलवर. 2014 मध्ये सरकारने डिझेलचे दर मोकळे केले, म्हणजे दर ठरवणं सोडलं आणि अनुदान थांबलं. मग सौर पंपाला पैसा कुठून येतो?

मनमाडकर: सरकारी तिजोरीतून, आणि त्या तिजोरीत डिझेलवरचा करही जातो. 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आपण बाहेरून आणतो, डॉलर मोजून. आमच्या मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघतो, त्यातल्या डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क, वर राज्याचा व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर. राज्यांना हे उत्पन्न सोडवत नाही, म्हणून पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीबाहेर.

सिन्नरची ताई: दादा, आमच्या विहिरीवर सौर पंप बसलाय. 10 टक्के आम्ही भरले, बाकी सरकारने. रात्री बिबट्याच्या भीतीत मोटार चालू करायला जाणं सुटलं, हे मला पैशापेक्षा मोठं वाटतं!

निफाडचा बागायतदार: पटलं ताई. पण ट्रॅक्टरचं डिझेल तसंच राहिलं, त्याचं काय?